दोन फुटी, तीन फुटी, चार फुटी: ड्रॅगनची पेटी दर वेळी लहान का पडते?

‘ही पण लहान पडली, आता केवढी करू?’ बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळणाऱ्याचा असा फोन येतो तेव्हा एक दोन फुटी काचेची टाकी आधीच माळ्यावर गेलेली असते आणि तीन फुटीत बसलेला सरडा दिवसभर काचेवर पंजे मारत असतो. आमचं नाशिकच्या अंबडचं काम मुळात किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोबचं. सरड्यांच्या पेट्या हे नंतर चिकटलेलं वेड. पण त्या निमित्ताने गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत बऱ्याच घरांत जाणं झालं, आणि तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच निघाली.

उत्तर आधीच देऊन टाकतो. एका पूर्ण वाढलेल्या बिअर्डेड ड्रॅगनला कमीत कमी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी लागते. आज तुमच्याकडे वीतभर पिल्लू असलं तरी हीच. घाई असेल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. मात्र ‘पेटी लहान पडली’ म्हणणाऱ्या प्रत्येकाची पेटी खरंच लहान असते असं नाही, आणि ज्याची लहान असते त्यालाही ती कुठे लहान पडतेय हे कळलेलं नसतं. म्हणून तो पुढची पेटीही चुकीची आणतो.

टेप काढायच्या आधी थर्मामीटर काढा

सरडा काचेवर चढायला बघतोय, नाक घासून घासून खवल्यांचा रंग गेलाय, खाणं कमी झालंय, पोटावर गडद रेषा दिसतायत. ही लक्षणं पेटी लहान असल्याचीही असतात आणि पेटी तापल्याचीही. फरक कळायला दोन मापं लागतात. दिवा लावून तीन-एक तास झाले की दिव्याखालच्या दगडाचं तापमान घ्या, पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर त्यासाठी उत्तम. मग दुसऱ्या टोकाला, जमिनीलगत, वायरीचा प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून तिथली हवा मोजा. काचेला डकवायचे ते गोल घड्याळासारखे थर्मामीटर फेकून द्या, ते फक्त काचेचं तापमान सांगतात, आणि तेही मनाला येईल तसं.

दगडावर साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवेत. थंड टोकाला २४ ते २८. रात्री दिवे बंद झाल्यावर १८ पर्यंत उतरलं तरी मोठ्या ड्रॅगनला त्रास नाही.

आता दोन फुटी टाकीत हे जमवून बघा. दगड ४० वर न्यायला पुरेसा मोठा बल्ब लावला की थंड टोक ३५ च्या पुढे जातं, कारण दोन्ही टोकांत अंतरच नाही. मग मालक बल्ब बदलतो, १०० वॅटचा काढून ४० वॅटचा लावतो. थंड टोक खाली येतं, पण दगडही ३२-३३ वर येऊन थांबतो. त्या तापमानाला खाल्लेलं नीट पचत नाही, सरडा दिवसभर दिव्याखाली चिकटून बसतो, आणि मालक म्हणतो, बघा, आता शांत झाला! तो शांत झालेला नसतो. त्याला ऊब पुरत नसते म्हणून तो हलत नसतो.

लांबट खोलीत एका टोकाला चूल पेटवली तर दुसऱ्या टोकाला सतरंजी टाकून झोपता येतं, पण चौकोनी खोपटात पेटवली तर सगळ्यांनाच बाहेर यावं लागतं. पेटीची लांबी हवी ती यासाठी. सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करून तापमान राखत नाही. ऊन हवं तेव्हा उन्हात आणि नको तेव्हा सावलीत जाऊनच तो ते राखतो. चार फुटांत त्याला ४० पासून २६ पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मिळतात आणि कुठे बसायचं ते तो ठरवतो. दोन फुटांत ते तुम्ही ठरवता, आणि तुमचा अंदाज चुकतो.

तर निदान असं: दोन्ही टोकांत दहा अंशांचाही फरक पडत नसेल आणि बल्ब बदलूनही पडत नसेल, तर पेटी आखूड आहे. फरक नीट पडतोय, तरी सरडा पंजे मारतोय, तर कारण दुसरं आहे. ते खाली येतंच.

लांबी कळली, मग रुंदी-उंचीचं काय

रुंदीचा हिशोब सोपा. ड्रॅगन नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४५ ते ६० सेंटीमीटर होतो. त्याला शेपूट न दुमडता जागच्या जागी वळता आलं पाहिजे, म्हणजे पेटीची रुंदी जवळपास त्याच्या लांबीएवढी, म्हणून २ फूट. मत्स्यालयाच्या टाक्या इथेच मार खातात. चार फूट लांब टाकी सहज मिळते, पण तिची रुंदी दीड किंवा सव्वा फूटच असते. माशांना त्यात काही अडचण नसते.

सरडा मोजताना त्याला धरून ताणू नका. शांत बसलेला असताना शेजारी फूटपट्टी ठेवून वरून फोटो काढा आणि फोटोवरून मोजा. शेपूट वाकडी असेल तर सुतळीने.

उंचीबद्दल मात्र सगळ्यात जास्त वाद होतो. ‘हा काय झाडावर चढणारा आहे का, एक फूट बास.’ चढण्याचा प्रश्न बाजूला ठेवा, नुसती बेरीज करा. तळाला माती-वाळूचा थर ४ इंच. त्यावर बसायचा दगड किंवा ओंडका ६ इंच. त्यावर ड्रॅगनची पाठ आणि दिवा यांच्यात निदान १२ इंच, कारण चांगल्या प्रतीची टी-५ यूव्हीबी ट्यूब (हाडांना लागणारे अतिनील किरण देणारी) आणि ऊब देणारा हॅलोजन दोन्ही त्याहून जवळ आले तर डोळे आणि पाठ भाजते. झाले २२ इंच. वर दिव्याच्या होल्डरला दोन इंच धरले की २ फूट झाले. एक फुटी टाकीत हे बसवायचं म्हणजे दिवा जाळीवर बाहेर ठेवावा लागतो, आणि त्यात आणखी एक गोची आहे. बारीक मच्छरजाळी यूव्हीबी किरणांचा चांगलाच मोठा वाटा अडवते. काच तर जवळजवळ सगळाच अडवते. त्यामुळे ‘आमच्या बाल्कनीच्या खिडकीतून भरपूर ऊन येतं’ याचा हाडांसाठी काहीही उपयोग नाही. उलट बंद काचेच्या टाकीवर थेट ऊन पडलं तर अर्ध्या तासात प्राणी दगावू शकतो. ऊन द्यायचंच असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात द्या, अर्ध्या भागावर सावली धरून, आणि समोर बसून.

मापं परदेशी व्हिडिओत गॅलनमध्ये सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका. वीस गॅलनची एक टाकी २४ इंच लांब असते आणि दुसरी ३० इंच. पाणी सारखंच मावतं, पण फिरायची जागा वेगळी. सरड्याला जमीन लागते, म्हणून चौरस फुटात बोला. दोन बाय एकची टाकी म्हणजे २ चौरस फूट, चार बाय दोनची म्हणजे ८. नावात दुप्पट दिसते, पण जागा चौपट होते.

नाशिकचे तीन मोसम आणि तीन वेगळ्या तक्रारी

पेटी फक्त तापवता येते, गार करता येत नाही. थंड टोक खोलीपेक्षा कधीच थंड होणार नाही, हे वाक्य लक्षात ठेवलं की अर्ध्या तक्रारी सुटतात.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोलीच ३५ असते. तेव्हा चार फुटी पेटीचंही थंड टोक ३५ च्या खाली येत नाही. या दिवसांत आलेला ‘पेटी लहान पडली’चा फोन बहुतेकदा पेटीचा नसतो. पेटी स्लॅबखालच्या पश्चिमेच्या खोलीतून काढून घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्या, दिव्याचे तास पहाटेकडे सरकवा, दुपारी हॅलोजन बंद ठेवून फक्त यूव्हीबी चालू ठेवा. दिव्याखाली तोंड उघडून बसणं हे ड्रॅगनचं नेहमीचंच आहे, त्याला घाबरू नका. थंड टोकाला बसून तोंड उघडं ठेवत असेल तर मात्र लगेच हालचाल करा.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. निफाडला पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा शहरातही रात्री गारठा असतो, आणि काचेची टाकी त्या गारठ्यापुढे काही कामाची नाही. काचेतून उष्णता भसाभस जाते, वर झाकणाला जाळी असेल तर उरलेली तिथून. इथे लाकडी पेटीचा खरा फायदा दिसतो. रात्री गरज पडलीच तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप राखणाऱ्या स्विचशिवाय) नको. लाल-निळे ‘नाइट बल्ब’ तर मुळीच नको, तो प्रकाश त्याला दिसतो आणि झोप मोडते. आणि पेटी फरशीवर ठेवू नका. कोटा किंवा मार्बलच्या फरशीलगत हवा सगळ्यात गार असते, शिवाय वरून वाकणारी माणसं पाहून ड्रॅगन बिथरतो, त्याला वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षीच. टेबलाच्या उंचीवर ठेवा.

याच दिवसांत मोठे ड्रॅगन खाणं कमी करून कोपऱ्यात पडून राहतात. वर्षावरचा, धष्टपुष्ट प्राणी असेल आणि वजन टिकून असेल तर ती त्याची हिवाळी सुस्ती आहे. त्यावर नवीन पेटी हा उपाय नाही.

पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा. हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला प्राणी, त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैत आपल्याकडे घरातच आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ८० दाखवतो. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी तर विचारायलाच नको. फक्त वरून उघडी असलेली काचेची टाकी या काळात दमट डबा होते, कारण खालून हवा आत यायला वाटच नसते. आम्ही पेटीच्या थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर, अशा दोन जाळ्या ठेवतो. गरम हवा वरून निघते, ती जागा घ्यायला खालून नवी हवा येते, पंखा लागत नाही. पाण्याचं भांडं नेहमी थंड टोकाला, दिव्याखाली नाही. एवढं करूनही श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज किंवा नाकाशी बुडबुडे दिसले तर पेटीचा विषय सोडा आणि पशुवैद्याकडे जा.

माप बरोबर, तापमान बरोबर, तरी पंजे मारतोय

तिन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून जुनं वर्तमानपत्र चिकटवा. दोन-तीन दिवसांत पंजे मारणं थांबलं तर तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत होता, किंवा समोरच्या मांजराकडे बघत होता. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

मादी असेल आणि सारखी कोपरे उकरत असेल तर अंडी असू शकतात. नराशिवायही माद्या अंडी धरतात. तिला ओलसर मातीने भरलेला खोल डबा द्या, ज्यात ती सबंध शिरू शकेल. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात, आणि ते दुखणं जिवावर बेततं.

यूव्हीबी ट्यूब वर्षापेक्षा जुनी असेल तर बदला. उजेड तसाच दिसतो, पण किरण घटलेले असतात.

आणि पेटीत दोन ड्रॅगन असतील तर पुढचं काही वाचू नका, आधी वेगळे करा. ‘एकमेकांवर बसतात, किती माया आहे’ असं कौतुकाने सांगतात. वरचा दिव्याची जागा बळकावत असतो आणि खालचा दबलेला असतो. चार फुटीत दोघं म्हणजे प्रत्येकी दोन फूट असा हिशोब होत नाही. दोन प्राणी म्हणजे दोन पेट्या, दोन दिवे, आणि विजेचं बिलही त्या प्रमाणात.

पेटी करून घेताना

काचेचीच हवी असा आग्रह असेल तर आधी वजनाचा विचार करा. ६ मिलिमीटर काचेची चार बाय दोन बाय दोनची पेटी झाकणाशिवायच ४५ किलोच्या आसपास जाते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर शुभेच्छा.

प्लायचा हिशोब मला स्वतःला फार आवडतो. आठ बाय चारच्या एका शीटचे चार बाय दोनचे चार तुकडे होतात: तळ, छत, पाठ, आणि चौथा मधोमध कापला की दोन बाजू. समोर सरकत्या काचा. म्हणजे एका ड्रॅगनची पेटी एका शीटमध्ये, तुकडा वाया न जाता. करवतीच्या पात्यात आणि प्लायच्या जाडीत थोडं माप जातं, तेवढं सुताराला आधी सांगून ठेवा. १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय पुरतो. सांध्यांना आतून सिलिकॉन मारा आणि पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे हात द्या, नाहीतर विष्ठा आणि पाणी आत मुरतं. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा, मग त्याला आठवडा लागो की दोन. सुतार म्हणेल ‘दोन दिवसांत वाळतं’. वाळतं, पण वास राहतो, आणि आत चोवीस तास नाक घेऊन बसणारा सुतार नसतो.

रुंदी दोन फुटांवर नेताना घराचं दार मोजा. दोन फुटी पेटी अडीच फुटी दारातून आरामात जाते. अडीच फुटी करून आणली तर फ्रेम आडवी येते आणि मग ती कुशीवर वळवून आत न्यावी लागते.

‘पिल्लू मोठ्या पेटीत हरवतं’

दुकानात हमखास ऐकायला मिळणारं हे वाक्य. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम १० सेंटीमीटरचं असतं हे खरं, पण वर्ष-दीड वर्षात ते पूर्ण आकाराला पोचतं. त्या काळात दोन फुटी, मग तीन फुटी, मग चार फुटी अशा तीन खरेद्या होतात, आणि बेरीज केली तर पहिल्याच दिवशी चार फुटी स्वस्त पडली असती.

पिल्लू घाबरतं ते पेटी मोकळी असते म्हणून. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा द्या, मध्ये फांद्या, दगड, फडक्याची झोळी असं भरपूर सामान टाका. किडे सबंध पेटीत सोडू नका, गुळगुळीत कडांच्या वाडग्यात द्या, म्हणजे पिल्लाला सापडतात आणि रात्री त्याचीच बोटं कुरतडायला बाहेर फिरत नाहीत. एवढं केल्यावर आठ चौरस फुटांत हरवलेलं पिल्लू मी तरी पाहिलेलं नाही.

इग्वाना असेल तर हा सगळा हिशोब विसरा

हिरवा इग्वाना हा सरडा दुकानात हातभर असतो आणि पुढे दीड मीटर किंवा त्याहून लांब होतो, त्यातली दोन-तृतीयांश शेपूट. तो झाडावरचा प्राणी, म्हणून त्याला उंची आधी लागते. ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ६ फूट उंच ही अगदी खालची मर्यादा, आणि खरं सांगायचं तर त्याला एक छोटी खोलीच द्यावी लागते. त्याला दमट हवा लागते, म्हणजे मे महिन्यात नाशकात दिवसातून अनेकदा फवारे. टू-बीएचकेत राहणाऱ्याने विचारलं तर मी पेटीचं कोटेशन न देता नको म्हणून सांगतो. धंद्याचं नुकसान होतं खरं.

शिवाय कागदपत्रं. हिरवा इग्वाना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नोंदणी नियमांनंतर अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. घेताना विकणाऱ्याकडून त्याचे कागद मागा. आणि कुणी ‘गावाकडून घोरपडीचं पिल्लू आणलंय, केवढी पेटी लागेल’ असं विचारलं तर उत्तर एकच: घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरात ठेवणं गुन्हा आहे, वनविभागाला कळवा.

नव्या पेटीत हलवल्यावर

दिवे, थर्मोस्टॅट, दगड सगळं लावून पेटी आधी रिकामीच दोन दिवस चालवा आणि दोन्ही टोकं मोजा. सरडा आत सोडल्यावर दिवे हलवत बसायचं नाही. जुन्या पेटीतला एखादा ओंडका न धुता नव्यात टाका, ओळखीचा वास राहतो. पहिले काही दिवस तो कमी खाईल, रंग गडद ठेवेल, कोपऱ्यात बसेल. त्या दिवसांत हाताळू नका आणि पाहुण्यांना दाखवू नका.

हलवायच्या दिवशी किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा आणि मग दर आठवड्याला करा. दोन आठवड्यांत खाणं पूर्ववत झालं नाही किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. जाताना तापमानाची नोंदही सोबत न्या, ते पहिल्यांदा तेच विचारतील.